पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं फुटेज लोकांना दाखवायचं का, आणि दाखवायचं तर कधी?

सरळरेषा
पोलिसांच्या हातून माणूस मेला की निवेदन तासाभरात येतं आणि व्हिडिओ मागितला की मात्र "तपास चालू आहे". बोलायला तपास आड येत नाही, मग दाखवायलाच कसा येतो?

शिकागोचं प्रकरण बघा. ऑक्टोबर २०१४, लक्वान मॅक्डोनाल्ड, वय १७, पोलिसाने १६ गोळ्या घातल्या. कागदोपत्री काय, तर चाकू घेऊन अंगावर आला. गाडीच्या डॅशकॅममध्ये तो पोलिसांपासून लांब चाललेला दिसत होता, पण तो व्हिडिओ बाहेर यायला १३ महिने लागले, तेही एक पत्रकार कोर्टात गेला म्हणून, आणि योगायोग असा की ज्या दिवशी व्हिडिओ आला त्याच दिवशी त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला. शहराने घरच्यांना ५० लाख डॉलर द्यायचं तर त्याच्या कितीतरी आधीच ठरवलं होतं. म्हणजे आत सगळ्यांना माहीत होतं, बाहेरच्यांनाच तेवढा तपास.

नंतर शिकागोने ६० दिवसांची मुदत घातली. कॅलिफोर्नियात २०१९ पासून ४५ दिवसांची आहे, त्यापुढे अडवायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच: मुदत ठरलेली हवी, रेकॉर्डिंग पूर्ण हवं आणि थांबवायचा निर्णय त्याच खात्याच्या हातात नको. कुंपणाला विचारून शेत राखता येत नाही.

कोर्टकचेरी
ऐकायला छान आहे, पण खटला ज्याला चालवायचाय त्याच्या बाजूने बघा जरा. व्हिडिओ सगळीकडे फिरला की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उरतच नाही. उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, तुम्ही सांगताय ते त्या रात्री बघितलेलं की मोबाईलवर दहा वेळा बघितलेलं? आणि खरं उत्तर त्या बिचाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या पोलिसांचे जबाब व्हायचेत ते पण तोच व्हिडिओ बघून त्यात बसेल अशी गोष्ट तयार करतात, हे तुमच्या लक्षात येत नाहीये.

मेम्फिसचं उदाहरण, जानेवारी २०२३. टायरी निकोल्स पोलिसांच्या मारहाणीत मेला, त्यानंतर पोलिसांवर आरोप ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ जाहीर केला. एवढी बोंबाबोंब झाली की खटल्याला ज्युरी राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आणावी लागली. मे २०२५ मध्ये राज्याच्या खटल्यातून तिघे निर्दोष सुटले. लोकांनी निकाल २०२३ लाच देऊन टाकला होता, त्यामुळे आता कोर्टाचा निकाल कुणाला पटत नाही.

सरळरेषा
@कोर्टकचेरी, अहो हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. अख्ख्या जगाने व्हिडिओ बघितला, तरी ज्युरीने पुरावा ऐकून सोडलं. म्हणजे व्हिडिओ दाखवला की आरोपीला न्याय मिळत नाही हे तुमचं म्हणणं तिथेच पडलं ना. आणि जबाब आधी घ्या की, ४५ दिवस कशाला दिलेत मग? दीड महिन्यात चार पोलिसांचे जबाब होत नसतील तर अडचण व्हिडिओची नाही.

खाकीघर
घरात पोलीस आहे म्हणून लिहितेय. तुम्ही सगळे शिकागो आणि मेम्फिस घेऊन बसलात, मँचेस्टर विमानतळ कुणी काढणार नाही. जुलै २०२४. पहिली क्लिप आली त्यात पोलीस जमिनीवर पडलेल्या माणसाच्या डोक्यात लाथ मारतोय. झालं, मोर्चे, घोषणा, पोलीस म्हणजे राक्षस. मग काही दिवसांनी दुसरं फुटेज आलं, त्यात त्या लाथेच्या आधी पोलिसांना पडलेले ठोसे होते, एका महिला पोलिसाचं नाक मोडलं होतं. पुढे वर्षभराने कोर्टात ठोसे मारणाऱ्यांपैकी एकाला महिला पोलिसांवरच्या हल्ल्याबद्दल दोषी धरलंही, पण ती बातमी किती जणांनी वाचली? चेहरा एकदा फिरला की फिरला. मुलं शाळेत जातात हो पोलिसांची पण.

उगाच_एक
ताई, मान्य, पण मग दुसरं फुटेज पहिल्याच दिवशी अधिकृतपणे दिलं असतं तर? जे पोलिसांच्या बाजूचं होतं तेही फुटून बाहेर यावं लागलं. लपवायची सवय इतकी की स्वतःच्या फायद्याचंही दाबून ठेवतात.

खाकीघर
आणि दिलं असतं तर? ज्यांना लाथ बघायचीय ते लाथ बघतात, ज्यांना नाक बघायचंय ते नाक. दुसरं आल्यावर पहिल्या क्लिपवाल्यांतलं कोण म्हणालं की थांबा जरा? मला तरी कुणी दिसलं नाही.

एडिटरूम
व्हिडिओ कापणं हा माझा धंदा, म्हणून थोडं तांत्रिक. सगळे "पूर्ण फुटेज" म्हणताय पण ते काय असतं ते बघा. बॉडीकॅम छातीवर असतो, म्हणजे ज्याने घातलाय तोच चित्रात नसतो, हात आणि बंदुकीचं टोक तेवढं दिसतं. झटापट झाली की दीड मिनिट नुसतं कापड आणि धापा. तीच घटना डॅशकॅमवर दाखवली की लोकांना पोलिसाचा हेतू जास्त दिसतो आणि बॉडीकॅमवर कमी, यावर प्रयोग झालेत. स्लो मोशनमध्ये तर कुठलीही कृती मुद्दाम केल्यासारखी वाटते, यावर पण झालेत.

आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबायच्या आधीचे ३० सेकंद आपोआप साठतात, पण आवाजाशिवाय. बाल्टिमोरमध्ये २०१७ साली एक पोलीस यातच सापडला. स्वतःच ड्रग्जचा डबा ठेवला, बाहेर आला, मग बटण दाबून "चला बघू या काही सापडतंय का" असा थाटात परत आत गेला. ते आधीचे मुके ३० सेकंद साठलेत हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, २०१८ मध्ये खोटा पुरावा तयार केल्याबद्दल दोषी ठरला. तर जाहीर करताना पहिले ३० सेकंद "आवाज नाही, काय कामाचे" म्हणून कापले तर? लॉस एंजेलिसचे पोलीस ४५ दिवसांत व्हिडिओ देतात, पण बऱ्याचदा आधी अधिकारी कॅमेऱ्यासमोर येऊन घटना समजावणार, मग निवडक भाग, खाली सबटायटल. कुठे काय ऐकू येतंय ते आधी वाचायला दिलं की कान तेच ऐकतो. मी दिवसभर हेच करतो, मला विचारा.

मुक्ता
एवढ्या चर्चेत मेलेल्या माणसाचे घरचे कुणाच्याच डोक्यात नाहीत. आपल्या माणसाचा शेवटचा श्वास लोक जेवता जेवता स्क्रोल करणार, खाली हसण्याच्या इमोजी येणार, आणि दर वर्षी त्या तारखेला कुणीतरी परत टाकणार. घरच्यांनी नाही म्हटलं तर नाही, हा नियम का नको? आणि घरच्यांना आधी पूर्ण दाखवा. नॉर्थ कॅरोलिनात कोर्टाच्या आदेशाशिवाय असं फुटेज जाहीर होत नाही, तिथे २०२१ मध्ये एका कुटुंबाला सुरुवातीला फक्त २० सेकंद दाखवले होते. वीस सेकंद!

सरळरेषा
मुक्ता, घरच्यांना आधी आणि पूर्ण दाखवा याला हजारदा हो. पण नकाराधिकार घरच्यांना दिला की उद्या पैशाची पिशवी घेऊन कोण त्यांच्या दारात उभं राहील ते सांगायला नको. ज्यांच्या घरात कमावणारा गेलाय त्यांच्यावर हे ओझं टाकू नका.

मुक्ता
म्हणजे त्यांच्या भल्यासाठी त्यांना विचारायचंच नाही. बरं आहे.

उगाच_एक
तुम्ही ४५ की ६० करताय, मला तर फुटेज असतं का याचीच शंका. कॅमेरा बंद होता, डिस्क भरली, ओव्हरराइट झालं. भारतात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा, आवाजासकट, आणि १८ महिने साठवा असं सांगितलं, तरी नेमक्या त्या रात्रीचाच बिघाड होतो. माझा एकच नियम: फुटेज असायला हवं होतं आणि नाही, तर कोर्टाने ते खात्याच्या विरोधात गेलं असतं असंच धरायचं. बघा सगळे कॅमेरे कसे चालू राहतात ते.

कोर्टकचेरी
याला माझा पाठिंबा आहे, लिहून ठेवा, परत म्हणणार नाही. आणि मुदतीलाही हरकत नाही, फक्त थांबवायचा अधिकार न्यायाधीशाकडे हवा आणि आरोपपत्र होईपर्यंत चेहरे ब्लर.

खाकीघर
चेहरे ब्लर असतील तर मी पण विचार करेन. नाव, आवाज, बिल्ला, सगळंच झाकायला हवं मात्र.

एडिटरूम
ब्लर म्हणजे काय ते सांगू का? सेकंदाला ३० फ्रेम, सहा पोलिसांचे सहा कॅमेरे, प्रत्येकी तासाभराचं रेकॉर्डिंग, आणि सॉफ्टवेअरचा मास्क नेमका धावपळीत चेहऱ्यावरून घसरतो म्हणून कुणीतरी बसून हाताने ठीक करायचा. तो करताना हातातली वस्तूही झाकली गेली तर ती बंदूक होती का मोबाईल यावरच अख्खी केस. हे काम कोणाकडे देणार ते आधी ठरवा, कारण आत्ता बहुतेक ठिकाणी ते खात्यातच होतं.