एलडीएल १०० आलं म्हणजे सुटलो का?

कृष्णाकाठ:
सांगली-मिरजेकडं रक्ततपासणीचं शिबिर झालं की लोक रिपोर्टवर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तेवढं बघतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त नि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी असलेल्या आपल्या लोकांत तो आकडा फसवतो. समजा एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २९०. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानं काढतात: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. १९० − ३२ − ५८ = १००. कागदावर बरं दिसतं. पण ट्रायग्लिसराइड वाढलं की एलडीएलच्या एकेका कणात कोलेस्टेरॉल कमी मावतं, म्हणजे तेवढ्याच कोलेस्टेरॉलला कण जास्त लागतात. आणि धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात ते कणच. ऊस तेवढाच, पण ट्रॉल्या जास्त, तर रस्ता तुंबणारच! प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून ट्रॉल्या मोजायच्या तर अपोबी तपासा, शिबिरातसुद्धा.

हळदपेठ:
शिबिरात? अजिबात पटत नाही. तुमच्याच आकड्यांत १९० मधून ३२ वजा करा: नॉन-एचडीएल १५८. ते १३० च्या आत हवं. जादा पैसा नाही, उपाशीपोटी यायची सक्ती नाही, आणि धोका दिसला की! आधी नमुना नीट घ्यायला शिकवा. दंडाचा पट्टा मिनिटाच्या वर आवळून ठेवला की तिथलं रक्त दाटतं नि कोलेस्टेरॉल वाढीव येतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर सूत्र बाद. अशा माणसाला १२ तास उपाशी ठेवून परत बोलवा.

कृष्णाकाठ:
शिबिरापुरतं मान्य. पण नॉन-एचडीएल म्हणजेही उसाचं वजनच. मधुमेह, सुटलेलं पोट किंवा स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असेल, तर वजन आणि ट्रॉल्यांचा हिशेब जुळेलच असं नाही. तिथं अपोबीच हवं.

नळी_आणि_सुई:
तुम्ही दोघंही लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच कण विसरलात. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेला हा कण आईबापांकडून येतो. पथ्यानं, चालण्यानं फारसा हलत नाही. त्यामुळं बहुतेकांना जन्मात एकदा तपासणी पुरते. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोलच्या वर धोका धरतात. रिपोर्टवरचं एकक बघा. एकातून दुसऱ्यात गुणाकारानं नेऊ नका, कारण या कणाचा आकार माणसागणिक बदलतो.

हळदपेठ:
स्टॅटिननं ते उतरत नाही. मग कळून उपयोग काय?

नळी_आणि_सुई:
उपयोग आहे. ते जास्त निघालं तर एलडीएल आणखी खाली ठेवायचं, बीपी-तंबाखूवर कडक राहायचं, नि भावंडं-मुलं तपासायची. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ही तपासणी टाळूच नका.

आणि झटक्यानंतर लिपिडचा नमुना पहिल्या २४ तासांत घ्या. त्यानंतर एलडीएल आपोआप उतरतं, काही आठवडे कमीच राहतं, आणि ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं’ असा गैरसमज घेऊन माणूस गोळी सोडतो.