मदत हवी आहे: सड्यावरचं जमिनीतलं ऑर्किड हलवता येईल का?

कातळवाट: आमच्या सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर) जमिनीतून येणारं पांढऱ्या फुलांचं ऑर्किड आहे. भरपूर आहे. दिवाळीनंतर तिथे जेसीबी लागणार. कंद काढून दुसरीकडे लावले तर जगतील का? कसे काढायचे? जरा लवकर सांगा.

रानभूल: कुठला सडा? फुलं कधी आली? पानं किती? जमिनीतली पांढरी ऑर्किडं कोकणात बरीच आहेत. फोटो टाका.

पोफळीची राई: सोपं आहे. नारळाच्या सोडणात कोळशाचे तुकडे घालून आंब्याच्या खोडाला बांधायचं आणि पाणी शिंपडत राहायचं. माझी सीतेची वेणी दर पावसाळ्याच्या तोंडावर नुसती लोंबते.

रानभूल: ताई, सीतेची वेणी झाडावरच वाढते. याचा कंद जमिनीत असतो, पावसाळा संपला की वरचं सगळं वाळतं. झाडाला बांधून नाही जगायचं.

कातळवाट: राजापूर तालुका. फुलं जूनअखेर आली, आता पानच उरलंय. एकच पान, गोलसर, जाडसर, जमिनीला थापल्यासारखं. फुलाच्या मागे लांब शेपटी होती. फोटो चढत नाहीये, रेंज नाही.

जुना गडी: मग वाघचौरा.

रानभूल: काका, वाघचौरा उंच जातो, दांड्यावर पानं असतात, फूल तळहाताएवढं. हे वर्णन हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं आहे. पाऊस सुरू झाला की फुलणाऱ्या पहिल्या ऑर्किडांपैकी एक. शेपटी म्हणजे मधाची नळी. कातळवाट, माती किती खोल आहे तिथे? आणि जेसीबी कशासाठी?

कातळवाट: चुलतभावाच्या हिश्श्यात आंब्याची कलमं लावायची आहेत. जांभा फोडून खड्डे मारणार, बाहेरून माती आणून भरणार. ऑर्किड आहे तिथे माती चार बोटंसुद्धा नसेल, खाली कातळच. मी विचारलं होतं, कंद कसे काढायचे?

हापूसवाला: कलमं लावू नयेत असं कुणी म्हणू नका. सड्यावर दुसरं पिकतं काय? आमच्या वडिलांनी सुरुंग लावून खड्डे मारले म्हणून आम्ही शिकलो.

रानभूल: कुणी म्हटलंही नाही. पण "सड्यावर काही नाही" हे खरं नाही. पावसात तिथे सीतेची आसवं, गेंद अशी छोटी फुलझाडं असतात. दिपकाडी तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरच मुख्यतः सापडते. एकदा भराव पडला की हे परत येत नाही.

मुळीबाळी: कंद काढणारच असाल तर मला कळवा. सालममिश्रीसारखे (तेही ऑर्किडाचेच कंद) ताकदीला देतात.

रानभूल: कृपया हे इथे नको. औषधाच्या नावाखाली आमरकंद, म्हणजे जमिनीतलंच दुसरं ऑर्किड, किती ठिकाणी उकरला गेलाय ते पाहिलंय.

घाटमाथा: मुद्द्यावर येतो. या वंशात दरवर्षी जुना कंद आकसतो आणि शेजारी नवा भरतो. आत्ता पान हिरवं आहे म्हणजे नवा भरतोय, आत्ता हात लावू नका. पण पान वाळलं की जागा सापडणार नाही, म्हणून आजच प्रत्येक रोपाशेजारी खुंटी मारा. पान पूर्ण वाळल्यावर, जेसीबीच्या आधी, मातीच्या ढेपेसकट उचला. कंद धुवायचा नाही. मातीतल्या बुरशीशी त्याचं नातं असतं. बी तर धुळीसारखं, त्यात साठा नसतो, बुरशीशिवाय रुजतच नाही.

रानभूल: मला हलवणंच पटत नाही. ढेप उचलली तरी सगळे जगतील याची खात्री नाही. आधी भावाशी बोला. खड्डे थोडे सरकवून ती पट्टी सोडता येईल का?

घाटमाथा: बोलावंच. पण भाऊ ऐकला नाही तर हातात काहीतरी हवं ना?

पोफळीची राई: मग कुंडीत? शेणखत घालून?

घाटमाथा: शेणखत अजिबात नको. कुंडीही नको. पावसात भिजणारी आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होणारी जागा लागते.

जुना गडी: राजापूरच्या त्या बाजूला कातळशिल्पंही आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. खड्डे मारण्याआधी पावसाळ्यानंतर गवत काढून कातळ बघून घ्या.

कातळवाट: बघतो काका. खुंट्या उद्याच मारतो. भाऊ गणपतीला येतोय, तेव्हा पट्टीचं बोलतो. एकच विचारायचंय: आमच्या हिश्श्यात वरच्या अंगाला हीच ऑर्किडं थोडी आहेत. नाहीच ऐकलं तर तिथेच लावू का?

घाटमाथा: तिथेच. ती आहेत म्हणजे बुरशीही असणार. फक्त आधीची रोपं उकरली जाणार नाहीत इतकं अंतर ठेवा, आणि पहिल्या पावसाळ्यात तिकडे गुरं जाऊ देऊ नका.