कॉइल तयार, ट्रेलर दारात, तरी माल निघत नाही

कॉइलयार्ड (प्रश्न):
पोलाद कारखान्यातून हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) आणि गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) अशा दोन्ही कॉइल, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या, रोज बाहेर काढायच्या आहेत. ट्रेलरची भारक्षमता २७ टन आहे. तीन अडचणी आहेत. ट्रेलर गेटवर तासन्‌तास उभे राहतात आणि तरीही बरेचसे चार-पाच टन कमी भरून निघतात. खनिज आणि कोळसा आणणाऱ्या वॅगन रिकाम्या परत जातात. त्यांतच कॉइल भरल्या तर चालेल का? आणि जहाजाने गेलेल्या गॅल्व्हनाइज्ड कॉइलवर पांढरे डाग पडतात, तेही पॅकिंग कुठेही फाटलेलं नसताना. सध्या जास्त ट्रेलर लावायचा विचार चालू आहे. त्याने फरक पडेल का?

हुकक्रेन:
ट्रेलर वाढवू नका, आधी यार्डातल्या उचली मोजा. दोन थरांच्या रचनेत वरची कॉइल खालच्या दोन कॉइलमधल्या खाचेत बसते, म्हणजे मधल्या खालच्या कॉइलवर वरच्या दोघींचा भार असतो. ती काढायची तर आधी वरच्या दोन हलवायच्या, मग ती उचलायची. एका कॉइलला तीन उचली झाल्या. एका उचलीला ४ मिनिटं धरली तर १२ मिनिटं गेली, शिवाय हलवलेल्या दोन कॉइल आता दुसऱ्याच कुठल्यातरी मालावर बसल्या. गाड्या येतील त्या क्रमाने क्रेन चालवली की हेच होतं, आणि गाड्या वाढल्या की क्रम आणखी विस्कटतो.

आदल्या पाळीतच दुसऱ्या दिवशीच्या कॉइल मोकळ्या करून लोडिंग बे शेजारी एकाच थरात मांडा. मांडून झाल्यावरच त्या कॉइलच्या गाडीला गेटची वेळ द्या.

यात एक गोष्ट हमखास चुकते. हॉट रोल्ड कॉइल साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास गुंडाळली जाते. बाहेरचे वेढे लवकर निवतात, पण आतली उष्णता काही दिवस टिकते. संगणकात ती रोलिंग होताच 'तयार' दिसते, गाडी बोलावली जाते आणि मग कॉइल निवण्याची वाट पाहत उभी राहते. तापमान बाहेरून नको, कॉइलच्या डोळ्यात (मधल्या पोकळीत) आतल्या वेढ्यांवर मोजा. ते पुरेसं उतरल्यावरच 'तयार' म्हणा.

कमी भरण्याचं मूळ मात्र डिस्पॅचमध्ये नाही, स्लॅब (जिच्यापासून कॉइल लाटतात ती पोलादाची जाड लादी) कापतानाच आहे. कॉइलचं वजन म्हणजे रुंदी गुणिले दर मिलिमीटर रुंदीचे किलो. १,२५० मिमी रुंदीला १८ किलो प्रति मिमी धरलं की कॉइल २२.५ टनांची होते आणि ट्रेलरवर साडेचार टन जागा वाया जाते. तेच २१ किलो केलं तर २६.२५ टन भरतात. उरलेले ७५० किलो साखळ्या, पाचरी आणि लाकडांसाठी ठेवा. आतला व्यास ७६२ मिमी असेल तर बाहेरचा सुमारे १,८७० वरून २,००० मिमीवर जातो, म्हणून मिलचा कॉइलर (गुंडाळणारं यंत्र) आणि ग्राहकाचा डिकॉइलर (उलगडणारं यंत्र) तो घेतात का हे आधी विचारा. अरुंद मालात उलटं करा: ९०० मिमीला १४.५ किलो धरा, १३.०५ टनांच्या दोन कॉइल एका गाडीत बसतात. लहान कॉइलमध्ये टोकांची कापणी वाढते, तो तोटा हिशेबात घ्या.

रेकनियोजन:
वॅगनबद्दल. ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन पोलादाला ढोबळमानाने १.४ टन लोहखनिज, ०.८ टन कोळसा आणि ०.३ टन चुनखडी लागते. आत अडीच टन, बाहेर एक टन. सगळा तयार माल परतीच्या वॅगनमध्ये घातला तरी निम्म्याहून जास्त वॅगन रिकाम्याच जाणार.

गॅल्व्हनाइज्ड माल त्यात अजिबात नको. खनिजाची कच कडांमध्ये रुतते, ओला कोळशाचा चुरा पत्र्याला डाग लावतो. हॉट रोल्ड भरता येतो, पण वॅगन झाडून, खाली सॅडल (कॉइल लोळू नये म्हणून आधार) बसवून. भार बोगींच्या (वॅगनखालच्या चाकांच्या संचांच्या) वर ठेवा; एकच जड कॉइल मधोमध ठेवली की वॅगनच्या सांगाड्यावर सगळा ताण एका जागी येतो.

खरा धोका वेळेचा आहे. सफाई आणि सॅडलमध्ये रेक (वॅगनची अख्खी गाडी) अडकला की खनिजाची पुढची खेप चुकते. कॉइल दोन दिवस थांबली तर ग्राहक रागावतो. खनिजाचा साठा उतरला तर फर्नेसचा वेग कमी करावा लागतो. मी तरी कॉइलसाठी वेगळा रेकच ठेवीन.

दवबिंदू:
पांढरे डाग म्हणजे जस्ताचा गंज. वेढ्यांच्या फटीत पाणी अडकतं, तिथे हवा खेळत नाही, त्यामुळे जस्तावर संरक्षक कार्बोनेटचा थर तयार होत नाही. पाणी बाहेरून आलंच पाहिजे असं नाही. २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सुमारे २१ अंश असतो. थंड प्रदेशात भरलेलं पोलाद १० अंशांवर असेल आणि उष्ण भागात जहाजाच्या होल्डचं (माल ठेवायच्या कप्प्याचं) वायुवीजन चालू केलं, तर ती हवा थेट कॉइलवर घाम धरते. जहाजावर तीन अंशांचा नियम वापरतात: बाहेरची हवा भरतेवेळच्या मालाच्या तापमानापेक्षा निदान ३ अंश थंड असेल तरच वायुवीजन करायचं. रोजची नोंद मागून घ्या.

ओली लाकडं होल्डमध्ये जाऊ देऊ नका. उतरवल्यावर थंड कॉइलचं पॅकिंग गरम गोदामात लगेच फोडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डागांवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघा. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे, म्हणजे समुद्राच्या पाण्याची शंका घ्या आणि हॅच कव्हरची (होल्डवरच्या झाकणाची) अल्ट्रासॉनिक तपासणी मागा. पण धक्क्यावरच्या खाऱ्या हवेनेही ते दुधाळ होतं, म्हणून ही चाचणी भरण्यापूर्वीही करून ठेवा, नाहीतर दोष कुणाचा ते ठरत नाही.

कॉइलयार्ड:
२६.२५ टनांची एकच कॉइल ट्रेलरच्या कॉइल-खाचेत (तळातल्या उतरत्या बाजूंच्या खोबणीत) ठेवली, तर खाली रबरी मॅट पुरेल का?

हुकक्रेन:
नाही. युरोपातल्या ईएन १२१९५-१ मानकानुसार पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट बल धरतात, बाजूंना आणि मागे ०.५ पट. पुढे २१ टन झाले. मॅटचं घर्षण ०.६ धरलं तर १५.७५ टन पेलले जातात, उरलेले ५.२५ टन पुढच्या अडसराने आणि साखळ्यांनी पेलायला हवेत. मॅटवर तेल सांडलं असेल तर ०.६ विसरा. खाचेचीही तपासणी करा: कॉइलच्या तळाखाली निदान २० मिमी मोकळं हवं, आणि खाचेची रुंदी कॉइलच्या व्यासाच्या ६० टक्क्यांहून कमी नको. व्यास २,००० मिमी झाला की ही रुंदी १,२०० मिमी लागते. जुन्या ट्रेलरची खाच तेवढी रुंद आहे का ते वजन वाढवण्याआधी मोजून घ्या.