कुंडीतली मिरची आणि नागपूरचे ऊन : आपापले अनुभव लिहावेत

गेली सहा वर्षे मी गच्चीवर कुंड्यांत मिरची लावतो आहे आणि दर उन्हाळ्यात तोच प्रश्न पुढे उभा राहतो : झाड फुलांनी भरते, पण मिरची एकही धरत नाही. बागकामाचे बहुतेक सल्ले सौम्य हवेच्या गावांसाठी लिहिलेले असतात. पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या शहरात ते पुरे पडत नाहीत. म्हणून नागपुरात, घरच्या कुंडीत, स्वतःच्या हाताने मिरची वाढवलेल्या सर्वांना विनंती आहे की त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत. जात कोणती, कुंडी केवढी, माती कुठली, ऊन किती वाजेपर्यंत येते आणि झाड किती काळ टिकले, एवढे तरी अवश्य सांगावे. जी झाडे गेली त्यांच्याविषयीही लिहावे, कारण ती कशाने गेली हे कळणे तितकेच गरजेचे आहे. सुरुवात मीच करतो.

प्रतापनगर, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची

माझ्याकडे पुसा ज्वाला ही जात आहे : लांब, बारीक, सुरकुतलेल्या सालीची आणि टोकाशी किंचित वळलेली. पहिल्या वर्षी उमरेड रस्त्यावरच्या एका शेतातून आणलेली काळी माती मी जशीच्या तशी 12 इंची कुंड्यांत भरली. पावसाळ्यात तिचा चिखल झाला, मुळे गुदमरली आणि चारपैकी दोन रोपे बुंध्याशी काळी पडून कोलमडली. उरलेल्या दोन कुंड्यांत ऑक्टोबरच्या उन्हाने माती आकसून कडेपासून बोटभर सुटली. घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या छिद्राने निघून जात असे आणि मला वाटे की झाडाला भरपूर पाणी मिळाले. एके दिवशी कुंडी उलटी केली तेव्हा आतला गोळा विटेसारखा कोरडा निघाला. तेव्हापासून मी दोन भाग काळी माती, एक भाग कन्हानची जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत असे मिश्रण वापरतो. काळी माती पूर्णपणे सोडली नाही, कारण मे महिन्यात ओल धरून ठेवण्याचे काम तीच करते. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेली रोपे माझ्या गच्चीवर दुपारी बारालाच माना टाकत.

फुले गळू लागली तेव्हा खत कमी पडले असे वाटून मी युरिया दिला. पाने गर्द हिरवी झाली, झाड उंच गेले, मिरची मात्र आली नाही. दिवसाचे तापमान 35 अंशांपलीकडे गेले आणि रात्रीही हवा तापलेलीच राहिली की परागकण निकामी होतात आणि फळ न धरलेले फूल देठासकट पिवळे होऊन गळते, हे मला पुढे कळले. खताने त्यावर काही होत नाही. मग एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत झाडाचे काय करावे, हाच माझा प्रश्न आहे.

महाल, जुन्या वाड्याचे अंगण

आमच्या घरी वर्षाची मिरची उन्हाळ्यात भरली जाते आणि कळमन्याच्या बाजारातून भिवापुरी मिरची आणण्याचा शिरस्ता सासूबाईंच्या काळापासून आहे. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातला तालुका, आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यामुळे दुसरे बी शोधण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. देठ खुडताना त्यांतल्या सर्वांत भरदार, एकसारख्या रंगाच्या आठ-दहा मिरच्या मी बाजूला काढते आणि त्यांचेच बी धरते. संकरित मिरचीचे बी धरले तर पुढची झाडे आईसारखी निघत नाहीत, म्हणून सरळ वाणच निवडावा.

मिरच्या फोडण्याआधी हातांना गोडेतेल चोळावे, असे सासूबाई बजावत असत. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही; म्हणून नुसते हात धुऊन आग जात नाही आणि डोळ्याला बोट लागले तर दिवस वाया जातो. अनेकांना बी तिखट वाटते, पण खरा तिखटपणा ते ज्या पांढऱ्या गराला चिकटलेले असते त्यात असतो.

बी मी मृग लागला की पसरट कुंडीत टाकते. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, पाचव्या आठवड्याच्या सुमारास रोपे मोठ्या कुंडीत एकेकटी लावते आणि महालक्ष्म्यांच्या मागेपुढे पहिली फुले येतात. डिसेंबरात किमान तापमान 10 अंशांखाली उतरले की झाड थबकते. ते रोगट झाले असे समजून औषधे मारू नयेत. संक्रांतीनंतर ऊन वाढू लागले की ते आपोआप फुटते. उन्हाळ्याचा प्रश्न मला सुटलेला नाही. मार्चअखेरीस शेवटच्या लाल मिरच्या काढून मी झाड उपटते आणि मृगाची वाट पाहते.

मनीषनगर, पश्चिमेची बाल्कनी

आमच्याकडे सकाळी ऊन येत नाही आणि दुपारी दोननंतर थेट भिंतीवर आदळते. तीन वर्षांत मला सर्वाधिक त्रास चुरडा-मुरड्याने दिला. पाने आक्रसली की सगळेजण एकच नाव घेतात, पण त्यामागची कारणे निराळी असतात आणि उपायही निराळे. मी आता आधी पानाचे वळण पाहते. पानाच्या कडा वर वळून त्याची वाटी झाली असेल तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसत असेल आणि देठ लांबट झाला असेल तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी, रस शोषणारी कीड. खात्रीसाठी पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीला दोन टिचक्या माराव्यात. पहिल्यांदा मी तसे केले तेव्हा कागदावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे धागे पडले आणि क्षणभराने ते धागे चालू लागले. महिनाभर मी ज्या झाडाला पाणी कमी-जास्त करत बसले होते, त्याचा रस हे जीव शोषत होते.

एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता साबणाचा एक थेंब, हे मिश्रण आठवड्यातून एकदा, सूर्य मावळल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारले की फुलकिडे आटोक्यात येतात. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे गंधक चालते, परंतु आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याने पाने करपतात आणि तेल फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तर ते वापरूच नये. मी ती चूक केली आणि एक चांगले झाड घालवले. शिवाय पांढरी माशी ज्या विषाणूचा प्रसार करते त्याने खुरटलेले झाड कशानेच बरे होत नाही. ते लगेच काढून पिशवीत बांधून टाकावे; जीव तुटतो, पण शेजारच्या कुंड्या वाचतात.

गोकुळपेठ, खिडकीची जाळी

माझा अनुभव छोटा आहे. मिरच्या लाल होऊ लागल्या की बुलबुल त्या नेतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे लवंगीसुद्धा सुटत नाही. मी दोन फांद्या त्यांच्यासाठी सोडते आणि उरलेल्यांवर मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधते.

हुडकेश्वर, बोअरचे पाणी

आमच्या वस्तीत बोअरचेच पाणी आहे. उन्हाळ्यात पाणी वाचवावे या हेतूने मी कूलरच्या टाकीत उरलेले पाणी दर तिसऱ्या दिवशी मिरचीला घालत असे. पंधरवड्यात मातीवर पांढरी साय धरली, पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि नवी फूट थांबली. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणजे बोअरच्या आधीच जड असलेल्या पाण्याचा अर्क काढून मी तो झाडाला पाजत होतो. ते पाणी मी बंद केले, वरची दोन इंच माती खरवडून टाकली आणि पहिल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून मातीतले क्षार खालून वाहू दिले. तीनपैकी दोन झाडे सावरली. आता पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी दोन पिंपांत साठवतो आणि रोपांच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवतो.

आणखी एक गोष्ट. मिरचीच्या टोकाशी काळा, खोलगट डाग पडतो तो दर वेळी बुरशीचाच असतो असे नाही. पाणी कधी खूप, कधी नाही असे झाले की मातीतले कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफले घालून ते लगेच भरून येत नाही. पाण्याची वेळ पाळल्यावर माझ्याकडे पुढचा तोडा स्वच्छ आला.

रामदासपेठ, पूर्वेची बाल्कनी

प्रतापनगरच्या दादांनी विचारलेल्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर सांगते. माझे पुसा सदाबहारचे झाड यंदा चौथा उन्हाळा पाहते आहे. मिरची हे मुळात बहुवर्षायू झुडूप आहे, आपण तिला एका हंगामाची ठरवून टाकतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सर्व फुले व फळे काढते, फांद्या निम्म्याने छाटते, मातीवर वाळलेल्या पानांचा तीन बोटे थर देते आणि कुंडी सकाळी नऊपर्यंतच ऊन येईल अशा कोपऱ्यात सरकवते. वर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी असते. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरली आहे आणि ती वाळू रोज भिजवते, त्यामुळे मुळांना झळ लागत नाही. पाणी सकाळी सहाला आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सायंकाळीही. या काळात खत अजिबात देत नाही, कारण झाडाने फक्त तग धरावा एवढीच माझी अपेक्षा असते.

गेल्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ दिवसांनी जुन्या, राखाडी पडलेल्या खोडावर हिरवे ठिपके दिसले. जुलैअखेरीस आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्यांचे घोस लागले, तेव्हा महालातल्या काकूंची रोपे नुकती मोठ्या कुंडीत गेली असतील. त्या पहिल्या तोड्याच्या अकरा मिरच्या तव्यावर भाजून, लसूण, मीठ आणि मूठभर सांबार (कोथिंबीर) घालून मी खलबत्त्यात ठेचल्या आणि गरम भाकरीबरोबर घरातल्या सर्वांनी खाल्ल्या. काकू, यंदा एक झाड न उपटता ठेवून पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

प्रतापनगर, पुन्हा

ताई, मनापासून आभार. माझ्या गच्चीवर नऊनंतर सावलीचा कोपरा नाही, फक्त पाण्याच्या टाकीची उत्तरेकडची बाजू आहे. चारपैकी दोन झाडे आपण सांगितल्याप्रमाणे छाटून तेथे हलवली आहेत, दोन जागच्या जागी जाळीखाली ठेवली आहेत. छाटलेल्यांपैकी एकाच्या बुंध्याशी आज सकाळी दोन फुटवे दिसले. पाऊस पडला की चारही झाडांचे येथे लिहितो.