व्हीआर ढोल: टिपरू पानातून आरपार जातं, आवाज मागून येतो

नदीकाठचा_ठेका
नमस्कार. गणपतीआधी पुण्यात नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की नवख्यांचे पहिले कित्येक दिवस नुसता ठेका हातात बसण्यात जातात. तेवढं घरच्या घरी व्हावं म्हणून व्हीआर ढोल करतोय. हेडसेट क्वेस्ट ३, गेम बनवायचं सॉफ्टवेअर युनिटी, सेकंदाला ९० फ्रेम (९० हर्ट्झ). उजव्या हातातला कंट्रोलर म्हणजे टिपरू (ढोल वाजवायची काठी), डाव्या हाताची थाप हँड ट्रॅकिंगवर, म्हणजे हेडसेटचे कॅमेरे उघडा हात ओळखतात त्यावर. सावकाश वाजवलं तर ठीक चालतं. लय वाढली की चारातला एखादा टोला लागतच नाही, लागला तर आवाज मागून येतो. मान वळवली की ढोलही वळतो. टिपऱ्याला कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार), रिजिडबॉडी (वस्तूला फिजिक्स लावणारा घटक), कन्टिन्युअस डिटेक्शन (दोन तपासण्यांमधली टक्करही पकडायची सोय) सगळं लावून झालं. चुकतंय कुठे?

शून्य_ते_एक
टोल्यासाठी कोलायडर वापरूच नका. युनिटीचं फिजिक्स मुळात ०.०२ सेकंदाने चालतं. जोराच्या टोल्यात टिपऱ्याचं टोक ८ मीटर प्रतिसेकंद धरा, म्हणजे दोन तपासण्यांच्या मध्ये ते १६ सेंमी पुढे गेलेलं असतं. कन्टिन्युअसचा इथे उपयोग नाही, कारण वस्तू सरळ रेषेत सरकवून वाटेतली टक्कर तपासण्याची ती पद्धत फिरण्याची गती धरत नाही, आणि टिपरू तर मनगटातूनच फिरतं.

हिशोब स्वतः करा. दर फ्रेमला टोकाची जागा ढोलाच्या लोकल स्पेसमध्ये (ढोलाच्या सापेक्ष मोजमापात) आणा आणि पानाच्या, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या तोंडाच्या, प्रतलापासूनचं अंतर काढा. मागच्या फ्रेमला अंतर धन होतं आणि आता ऋण झालं, तर टोला लागला. मागचं ४ सेंमी आणि आताचं उणे ५ असेल तर स्पर्श त्या फ्रेमच्या ४/९ वाटेवर झाला. तो बिंदू पानाच्या त्रिज्येत आहे का, एवढं पाहा. टोक ३ सेंमी बाहेर येऊन ५० मिलिसेकंद होईपर्यंत पुढचा टोला धरू नका, नाहीतर एका टोल्याचे दोन मोजले जातील.

वेग कंट्रोलरचा घेऊ नका, टोकाचा घ्या: कंट्रोलरच्या वेगात कोनीय वेग आणि टिपऱ्याची लांबी यांचा क्रॉस प्रॉडक्ट (सदिश गुणाकार) मिळवा. त्यातला पानाला लंब असलेला भागच आवाजाची पातळी ठरवतो. शेवटच्या तीन फ्रेममधला सर्वांत मोठा आकडा धरा, कारण पान जवळ दिसलं की माणूस नकळत हात आवरतो.

कान_आधी
आवाजाचं सांगतो. आधी ब्लूटूथ हेडफोन बंद करा, तिथेच शंभराच्या वर मिलिसेकंद जातात. १०२४ सॅम्पलचा एक बफर (वाजण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा) ४८ किलोहर्ट्झला २१ मिलिसेकंद खातो, २५६ चा ५ च्या आसपास. फाइल एमपीथ्री नको, तिच्या सुरुवातीला रिकामी जागा राहते. डब्ल्यूएव्ही घ्या आणि पहिल्या ठोक्याआधीची शांतता कापून टाका.

उरलेला उशीर अंदाजाने भरून काढा. टोक ६ सेंमीवर आणि वेग ३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे २० मिलिसेकंदांनी टोला लागणार. त्या क्षणासाठी प्लेशेड्यूल्डने (ठरावीक वेळी आवाज वाजवणाऱ्या युनिटीच्या आज्ञेने) आवाज आधीच लावून ठेवा. मात्र २० च्या पलीकडचा अंदाज बांधू नका. हात मध्येच थांबला तर न लागलेला टोला वाजेल, आणि नवख्याच्या हाताला चुकीचीच सवय लागेल.

प्रत्येक पातळीचे तीन-चार वेगवेगळे टोले रेकॉर्ड करून आलटून पालटून वाजवा. एकच रेकॉर्डिंग सलग वाजलं की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटतं.

नदीकाठचा_ठेका
टोले आता सुटत नाहीत, आवाजही बरोबर येतो. मनापासून धन्यवाद. पण दहा मिनिटांत उजवा हात कोपराखाली भरून येतो. आणि थाप अजून हुकते.

पान_ताणा
हात भरून येणारच. खरं पान टिपऱ्याला परत फेकतं. इथे हवेत मारलेला प्रत्येक टोला वादकाला स्वतःच्या स्नायूंनी थांबवावा लागतो. कमी जोरात पूर्ण आवाज मिळेल असा वेगाचा आलेख ठेवा: ३ मीटर प्रतिसेकंदालाच सर्वांत मोठी पातळी. दिसणारं टिपरू पानावर अडवून धरा, हात खाली गेला तरी ते आत जाऊ देऊ नका. सोबत २० ते ३० मिलिसेकंदांचा एकच तीव्र कंप द्या. लांब गुरगुर नको, तिने टोला बोथट होतो. डोळ्यांना टिपरू थांबलेलं दिसलं की हातही आपोआप लवकर थांबतो, हे करून पाहाच.

थापेचं कारण वेगळं आहे. डावा हात कमरेच्या बाजूला, समोर पाहताना कॅमेऱ्यांच्या टप्प्याबाहेर. कंट्रोलर असा दिसेनासा झाला तर त्यातला हालचाल मोजणारा सेन्सर थोडा वेळ सांभाळून घेतो, उघड्या हाताला तो आधार नाही. डाव्या हातालाही कंट्रोलर द्या, पण बोटांवरून जाणाऱ्या पट्ट्याने बांधलेला, म्हणजे पंजा उघडा राहील.

ढोल डोक्याला जोडू नका. सुरुवातीला दोन्ही कंट्रोलर दोन पानांच्या जागी धरून ट्रिगर दाबायला लावा आणि ढोल तिथे बसवा. पुढे दोन्ही हातांना जोडणारी रेषा १५ अंशांपेक्षा जास्त वळली तरच ढोल सावकाश वळवा.

मिरवणुकीचा देखावा करणार असाल तर वादकाला लक्ष्मी रस्त्याने चालवू नका. पाय जागेवर आणि दुकानं मागे सरकतायत, यानेच मळमळतं. अलका चौकात उभं करून वाजवू द्या. आणि मनगटाची दोरी घातल्याशिवाय ढोल सुरूच होणार नाही, असा पडदा पहिला ठेवा.