लोकल वळणावर थांबली की बाहेरच्या बिल्डिंगा तिरक्या का दिसतात?

दहा_नंबरवाली:
रोज ठाणे ते घणसोली, सकाळची ट्रान्स हार्बर. ठाणे सोडून गाडी वळते तिथे कधीकधी सिग्नल मिळत नाही म्हणून पाच-सात मिनिटं उभी राहते, आणि तेव्हा खिडकीतून बघितलं की समोरच्या बिल्डिंगा सगळ्या एका बाजूला कललेल्या, म्हणजे डबा सरळ आणि ठाणं तिरकं. कळतं की तिरका डबाच आहे, रूळच तसे टाकलेत, पण डोळे ऐकतच नाहीत. मैत्रीण म्हणते नंबर वाढला असेल, चष्मा बदल. कानात बॅलन्सचं कायतरी असतं असं शाळेत शिकलो होतो ना, मग तो कान तेव्हा काय झोपा काढतो? गंमत म्हणजे डोळे मिटले की थोडं कलल्यासारखं वाटतं, उघडले की गायब. फक्त मलाच होतं का हे?

खारेगावकर:
मी चौथ्या सीटवर बसतो, मला वाशीपर्यंत तिरकंच वाटतं. त्यात कानाचा काय दोष नाय 😄

ओळंबा:
ताई चष्मा बदलू नका, कान बरोबर सांगतोय, डोळे त्याला बोलू देत नाहीयेत. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांना फक्त डोकं फिरतंय का एवढंच कळतं. कल कळतो तो त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांना, युट्रिकल आणि सॅक्युल. तिथे बारीक केस असलेल्या पेशी, वर जेलीसारखा थर आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे. डोकं कललं की खड्यांच्या वजनाने थर सरकतो, केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. गवंड्याचा ओळंबाच म्हणा ना (माझं इथलं नाव त्यावरूनच नाही, साइटवर आयुष्य गेलं म्हणून आहे). पण मेंदू एकट्या ओळंब्यावर भिंत उभी करत नाही, तो सीटचा दाब, मान, तळपाय आणि मुख्य म्हणजे डोळ्यासमोरच्या उभ्या-आडव्या रेघा सगळ्यांना विचारतो. डब्यात खांब, खिडक्या, पार्टिशन सगळं एकमेकांशी काटकोनात, मग काय, मेजॉरिटी त्यांचीच. 1948 मध्ये अ‍ॅश आणि विटकिन यांनी अंधारात एक चमकती तिरकी चौकट ठेवून तिच्यातली काठी लोकांना सरळ उभी करायला सांगितली होती, तर काठी चौकटीच्या बाजूला कललीच, कोणाची जास्त कोणाची कमी. तुमचा डबा म्हणजे ती चौकट. डोळे मिटले की चौकट जाते.

कळव्याचा_पंक्या:
थांबा थांबा. चालत्या गाडीतही तिरक्या दिसतात की, आणि तेव्हा डोळे मिटूनसुद्धा काही कल जाणवत नाही. मग तुमचा ओळंबा कुठे गेला?

ओळंबा:
बरोबर पकडलंत. ते प्रकरण वेगळं आहे. वळणावर बाहेरच्या बाजूचा रूळ मुद्दाम उंच ठेवतात. गाडी पळताना अंग बाहेर फेकलं जातं, तो जोर आणि खाली ओढणारं वजन दोन्ही मिळून जी दिशा होते ती, स्पीड त्या रुळाच्या हिशोबाचा असेल तर, बरोबर डब्याच्या फरशीला काटकोनात येते. आता खड्यांना वजन कुठलं आणि वळणाचा धक्का कुठला हे वेगळं करताच येत नाही, कुठल्याच ओळंब्याला येत नाही, आइनस्टाइनने तर त्यावर अख्खी थिअरी उभी केली. म्हणजे उभ्या गाडीत कान एकटा विरोधात असतो, पळत्या गाडीत तोही डब्याला सामील. अर्न्स्ट माख, विमानाचा वेग ज्यात सांगतात तो माख नंबर ज्याच्या नावाने आहे तो शास्त्रज्ञ, रेल्वे वळताना घरं-झाडं तिरकी दिसतात हे बघूनच या भानगडीत पडला आणि 1875 मध्ये पुस्तकच काढलं. खात्री करायची असेल तर ऑफिसच्या आयडी कार्डची दोरी हातात धरून लटकवा, उभ्या गाडीत आणि पळत्या गाडीत.

सीवूड्स_वरून:
विमानात हेच जिवावर बेततं. 1 जानेवारी 1978 ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझवरून दुबईला निघालं, रात्र, खाली समुद्र, बाहेर क्षितिजच दिसत नाही. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडून विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, त्यांनी डावीकडे कलवत नेलं ते थेट वांद्र्यासमोर समुद्रात. 213 माणसं गेली. आपल्याला वाटतं एवढं कललेलं अंगाला कळत कसं नाही, पण हळूहळू कललं तर त्या नळ्यांना पत्ता लागत नाही, आणि व्यवस्थित वळणाऱ्या विमानात जोर फरशीकडेच असतो, अक्षरशः पोटातलं पाणी हलत नाही. म्हणून पायलटला शिकवतात की अंगाला काय वाटतं ते सोड, यंत्र बघ. इथे यंत्रच फसलं.

घणसोली_सेक्टर:
थोडं अवांतर. आईला कूस बदलली की घर फिरतं, डॉक्टर म्हणाले कानातले खडे सुटलेत. मला वाटलं थट्टा करतायत. ते हेच खडे का?

ओळंबा:
हेच. जागेवरून सुटून नळीत शिरतात, आणि नळीला फक्त फिरणंच कळतं म्हणून गरगरतं. डोकं ठराविक क्रमाने वळवून ते बाहेर काढतात, एप्लीची पद्धत म्हणतात. यूट्यूब बघून घरी करू नका, कुठल्या कानात आणि कुठल्या नळीत आहेत ते ईएनटीला आधी बघू दे.

दहा_नंबरवाली:
केलं. काल गाडी उभी होती तेव्हा कार्डाची दोरी खांबापासून खालच्या टोकाला चांगली दोन बोटं लांब, आणि बाहेरच्या बिल्डिंगांशी एकदम समांतर, म्हणजे ठाणं सरळ आहे हे ऑफिशियल झालं. आज सिग्नल मिळाला, न थांबता निघालो, तर दोरी हलत हलत खांबाच्या जवळ आली, पूर्ण नाही, पण तिथे गाडी पळते तरी कुठे. समोरच्या काकू ऐरोलीपर्यंत बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, काय गं, गाडीची दृष्ट काढतेस का?