जाऊबाई खुणांच्या भाषेत बोलते, आमच्या घरात ती भाषा कोणाला येत नाही. सल्ला हवा

पऱ्हाटीवाली
नमस्कार मंडळी. गाव दारव्ह्याकडचं, घर शेतकऱ्याचं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं आहे, तुळशीचं लग्न लागलं की पंधरा दिवसांत बार उडवायचा. दीड वर्षाचा असताना मेंदूज्वर झाला, तेव्हापासून दिराला ऐकू येत नाही. एका डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, "पोरं उशिरा बोलतात, थांबा." थांबता थांबता तो पाच वर्षांचा झाला. मग गावच्याच शाळेत चौथीपर्यंत मागच्या बाकावर बसला आणि नंतर शेतात. आता सत्तावीसचा आहे.

मुलगीही बधिर आहे, पण वसतिगृहात राहून दहावी झालेली. साक्षगंधाला तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. तिघी बोलायला लागल्या तर हात असे चालत होते की आमच्या मांडवातल्या बायका ताट हातात धरून बघतच राहिल्या. मध्येच तिघी खो खो हसल्या. दीर पण हसला. त्याला काहीही कळलं नव्हतं, मला माहीत आहे, कारण तसा तो आमच्यातही हसतो.

आमच्या घरच्या खुणा आहेत. मिशीला पीळ म्हणजे मामंजी, कपाळावर बोट टेकवलं की आत्याबाई म्हणजे सासूबाई, हवेत दोन बोटांनी तोडलं की कापसाची वेचणी. अशा शंभरेक असतील. त्यावर तिचं आयुष्य कसं निघणार? आत्याबाई म्हणतात, "सून ते हाय, तिनंच शिकाव आपल्या खुना." मला ते पटत नाही. पण शिकायचं कुठून? सोयाबीन काढणीला आलं आहे, वेचणी तोंडावर आहे, रोज नागपूरला जाणं शक्य नाही. मोबाइलवर बघून येतं का? कोणी केलं असेल तर सांगा.

नांगरतास
वहिनी, एवढं टेन्शन कायले घेता? आमच्या गावात एक मुका होता, सबन गाव त्याच्यासंग बोले. कोनाचंच अडलं नाई. दोन महिन्यात जमते सारं. मले तं दुसरीच गोष्ट वाटून राहिली. दोघंबी तसेच, तं लेकराइचं कसं? इचारलं का कोनी?

शिवणयंत्र
मी स्वतः बधिर आहे. वरोऱ्याला आनंदवनात शिकलो, शिवणकाम तिथलंच. माझी पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी. लिहिण्यात चूक दिसली तर सांभाळून घ्या.

नांगरतास भाऊ, 'मुका' नका लिहू, 'बधिर' लिहा. राग नाही, पण एक विचारतो. सगळं गाव त्याच्याशी बोले, ते काय बोले? जेवला का, इकडे ये, पाऊस आला, बैल सोड. सरपंच कोण निवडून आला हे त्याला किती दिवसांनी कळलं?

माझ्या घरचं सांगतो. मी दहा वर्षांचा होतो, दिवाळीला वसतिगृहातून घरी आलो. आजीची खाट जागेवर नव्हती. आईला खुणेनं विचारलं, आजी कुठे? आईनं बोट वर केलं. मी शिडी लावून माळ्यावर चढलो. तिथं कांदे पसरले होते. खाली येऊन पुन्हा विचारलं, आईनं पुन्हा बोट वर केलं आणि रडायला लागली. शाळेत परत गेल्यावर मोठ्या मुलांनी मला नीट सांगितलं, मरण म्हणजे काय ते. आईचं प्रेम कमी नव्हतं. आमच्यात भाषा नव्हती.

वहिनी, तुम्ही आधीच विचारलं, बरं वाटलं. आता कामाचं सांगतो. नवी सून म्हणून पदर पुढे ओढायला लावू नका. आमचा प्रश्न भुवयांवर असतो, 'नाही' अर्धं मानेत असतं. चेहरा झाकला तर अर्धी भाषा गेली. हाक मारायची तर समोरून हात हलवा, जवळ असाल तर खांद्याला हात लावा, लांब असेल तर लाइट चालू-बंद करा. मागून ढकलायचं नाही, वस्तू फेकून तर अजिबात नाही. काही जण खडा मारतात, आम्ही गुरं आहोत का? फरशीवर पाय आपटून काही होत नाही, लाकडी खाटेवर थाप मारा, ती अंगाला कळते. रात्री लाइन गेली तर बॅटरी स्वतःच्या हातांवर आणि चेहऱ्यावर धरा, तिच्या डोळ्यांत नाही. गावात आमचं निम्मं बोलणं लोडशेडिंग खातं.

टीचर_पुसद
मी विशेष शिक्षिका आहे, कर्णबधिर मुलांना चौदा वर्षं शिकवते. मोबाइलवर शिकणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे समोर येईल तो व्हिडिओ पाहणं. त्यात अमेरिकन खुणा फार असतात. ओळखायला सोपं: त्यांची अक्षरं एका हाताची, आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांची. पाच स्वर पाच बोटांवर बसतात, अंगठ्याचं टोक 'ए', तर्जनी 'ई', मधलं 'आय', अनामिका 'ओ', करंगळी 'यू'. तुमच्या घरातलं लेकरू एका संध्याकाळी शिकेल.

दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ साली सुरू झालं. त्यांचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० झाले. एकेका शब्दाचा व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहे, 'साइन लर्न' नावाचं त्यांचं ॲप आहे. घरी डीडी फ्री डिश असेल तर पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक चॅनलांमधलं ३१ नंबरचं चॅनल याच भाषेचं आहे, ६ डिसेंबर २०२४ ला सुरू झालं. स्वयंपाक करता करता लावून ठेवा, कान लागत नाहीत, पण डोळे लागतात, तेव्हा फोडणी जपा.

व्याकरणाला घाबरू नका. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपल्यासारखाच. 'काय', 'कुठे' हे शेवटी येतं आणि नकारही शेवटी. आपण 'मला चहा नको' म्हणतो तसंच. 'काल', 'उद्या' आधी सांगून टाकायचं, मग क्रियापद बदलत बसायची गरज नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे जड जातं, मराठी माणसाला नाही.

पण मुलीच्या खुणा आणि शब्दकोशातल्या खुणा सगळ्या जुळणार नाहीत. शाळेशाळेत, गावागावात फरक असतो. बऱ्याच शाळांत वर्गामध्ये बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावरच भर असायचा, खुणा मुली वसतिगृहात एकमेकींकडून शिकायच्या. त्याची मुळं लांब जातात. १८८० मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिनं ठराव केला की शिकवायचं ते बोलूनच. हात बांधून मुलं शिकवली लोकांनी. आता ओठांवरून किती कळतं ते आरशासमोर करून बघा: पापा, बाबा, मामा. तिन्ही सारखे दिसतात.

तेव्हा ॲप पाया म्हणून ठीक, पण शिक्षिका म्हणून त्या मुलीलाच धरा. लग्नाआधी व्हिडिओ कॉल लावा.

आता जरा कडू बोलते. मला काळजी मुलीची वाटत नाही, तिच्याकडे भाषा आहे. काळजी तुमच्या दिराची वाटते. सत्तावीस वर्षांत त्याला घरच्या शंभर खुणांपलीकडे काही मिळालेलं नाही. लग्नानंतर तिच्याशी बोलायला सगळ्यात कच्चा माणूस तिचा नवराच असेल. तुम्ही शिकाल ते चांगलंच, पण त्याला आधी इतर बधिर माणसांत न्या. ॲपनं त्याचं भागणार नाही, त्यातला शब्द हिंदी-इंग्रजीत शोधावा लागतो आणि तो चौथी म्हणजे नुसता बसलेला. माणसांत बसून येईल, वेळ लागेल, पण येईल.

नांगरतास, तुमच्या प्रश्नाबद्दल. बहुतेक बधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी येतात, आणि बहुतेक बधिर जोडप्यांची मुलं ऐकणारी असतात. दिराचं कारण मेंदूज्वर आहे, ते पुढच्या पिढीत उतरत नाही. मुलीचं कारण डॉक्टरांना विचारता येईल. बाळ झालं की पहिल्या महिन्यातच जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या, 'थांबा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

नांगरतास
कांद्याचं वाचलं अन् जीव कसातरीच झाला भाऊ. आमच्या गावातला तो मानूस वारला मागच्या साली. त्याचं खरं नाव काय होतं थे आता आठवून राहिलो, तं आठवत नाई.

दोन्हीकडचा
माझे आईवडील दोघेही बधिर, मी ऐकणारा. कारंज्याचा आहे. वहिनी, तुमच्या घरात लहान मूल असेल तर ते सगळ्यात आधी शिकेल आणि मग घर आपोआप त्याला दुभाषी करून टाकेल. तेवढं करू नका. मी सात वर्षांचा असताना बँकेत आईबापांच्या कर्जाचं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. साहेब ओरडला तर ते ओरडणं मी काय सांगायचं? मी 'साहेबाला ताप आहे' असं सांगून मोकळा व्हायचो. मोठ्यांचं काम मोठ्यांनी शिकावं.

जेवायला गोल बसा, रांगेत नको. रांगेत तिला शेजारणीचा कान तेवढा दिसतो. आणि उजवा हात भातात असताना तिला प्रश्न विचारू नका, आमच्या घरी वडील डाव्या हातानं अर्धवट उत्तर द्यायचे आणि त्यावरून भांडण व्हायचं.

सहावी_आराखडा
माझे मिस्टर ग्रामसेवक, म्हणून कागदांचं सांगते. दोघांची यूडीआयडी कार्डं, म्हणजे दिव्यांगांची सरकारी ओळखपत्रं, झाली आहेत का? ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो, तो बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घाईघाईत उडतो. आत्ताच अर्ज द्या, पोच घ्या. दिराचं प्रमाणपत्र जुनं कागदी असेल तर ऑनलाइन करून घ्या, लग्नानंतर सुनेचा पत्ता बदलायचा आहेच, एकाच फेरीत होईल.

पऱ्हाटीवाली
सगळ्यांचे आभार. टीचर, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही. आम्ही सगळे मुलीचाच विचार करत होतो आणि दीर शेजारी बसून शेंगा सोलत होता. शिवणयंत्र दादा, मुलीकडे फोन लावायचा तर आत्याबाई म्हणतात लग्नाआधी बरं दिसत नाही. काय करू?

शिवणयंत्र
आत्याबाईंनाच फोनसमोर बसवा.

पऱ्हाटीवाली
बारा दिवसांनी लिहिते आहे, वेचणी सुरू झाली.

दादांचं ऐकलं. आमच्या घरात नेट धरत नाही, गोठ्याच्या बाजूला धरतं, तिथं खाट टाकली आणि आत्याबाईंना मध्ये बसवलं. मुलीनं आधी नमस्कार केला. मग तिनं विचारलं (शेजारी तिची आई होती, ती सांगत होती), तुमच्यात कोणाची काय खूण आहे? दिरानं एकेक करून सगळ्यांच्या दाखवल्या, मिशी, कपाळ, माझी म्हणजे मनगटावर बांगड्या सरकवल्यासारखं. तिनं विचारलं, आणि तुझी? तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. घरात सगळ्यांची खूण आहे, त्याचीच नाही. त्याला बोलवायचं तर आम्ही खांद्याला हात लावतो, तेवढंच. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, त्याच्या डाव्या भुवईत पडल्याची खोक आहे, तिथं एका बोटानं रेघ ओढली. झालं. आता माझी आठ वर्षांची पोरगी दिवसभर भुवईवर रेघा ओढत फिरते आहे.

'कापूस वेचणं' आमच्या खुणेनं दाखवलं तर ती तिला आवडली, म्हणाली ही मी ठेवते. बाकी वीसेक खुणा तिनं आम्हाला दिल्या. आत्याबाईंनी 'चहा' आणि 'बस' शिकून घेतलं आणि पदराचं मी काढायच्या आधी स्वतःच म्हणाल्या, "तोंड झाकल्यावर ते बोलन कशी?" मी गप्प.

रविवारी दिराला यवतमाळला नेलं. मुलीच्या मैत्रिणीचा भाऊ बधिर आहे, त्याचे सात-आठ दोस्त एका टपरीवर जमतात. दीर पहिला तासभर खांबाला टेकून उभा होता. मग कोणीतरी त्याला बैलजोडीची किंमत विचारली असावी, कारण तो एकदम पुढे सरकला. परतीच्या एसटीत त्यानं मला काहीतरी लांबलचक सांगितलं, मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. दर रविवारी जायचं म्हणतो आहे.

आता शेवटचं विचारते. मंगलाष्टकं किती झाली, हार कधी घालायचा, हे दोघांना कसं कळणार? मध्ये अंतरपाट, त्यात तांदळांचा मारा. दुभाषी मिळतो आहे, त्याला उभं कुठे करायचं?

दोन्हीकडचा
अंतरपाटाच्या एका टोकाशी, भटजींच्या बाजूला. तिथून दोघांनाही दिसतो. स्टुलावर उभा करा, नाहीतर करवल्या झाकून टाकतील. आणि टाळ्यांच्या वेळी पाहुण्यांना दोन्ही हात वर करून हलवायला सांगा, ती आमच्याकडची टाळी.

शिवणयंत्र
व्हिडिओवाल्याचा लाइट दुभाष्याच्या समोरून पाहिजे. मागून आला तर हात काळे दिसतात, काही वाचता येत नाही. दुभाष्याचा शर्ट एकरंगी, गडद, फुलाफुलांचा नको. नसेल तर माप पाठवा, मी शिवून देतो.